ऊन, त्वचा आणि अँटिऑक्सिडंट : जालन्याच्या मोसंबीच्या संदर्भात

अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींत तयार होणाऱ्या अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्ये. त्यांतले सर्वांत परिचित ते क जीवनसत्त्व, आणि मराठवाड्यात ते सहज मिळते जालन्याच्या मोसंबीतून (सिट्रस सायनेन्सिस). अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या तालुक्यांत तिच्या बागा आहेत. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूरला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. मोसंबी खाल्ली किंवा तोंडाला लावली की त्वचा उन्हाने बिघडत नाही, असा समज घरोघरी आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

जालना शहर सुमारे १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण त्वचेचे नुकसान उष्णतेपेक्षा अतिनील किरणांनी अधिक होते. हवा थंड असली तरी हे किरण पोचतातच. म्हणून डिसेंबरात कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहराही रापतो. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे 'ब' किरण पेशीतील डीएनएवर थेट आघात करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'अ' किरण खोलवर जातात आणि तिथे अतिक्रियाशील ऑक्सिजन निर्माण करतात. त्यामुळे कोलॅजेन तुटते, सुरकुत्या पडतात, वांग गडद होतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन तिला भाजण्यापासून बऱ्याच अंशी वाचवते. वांग आणि काळे डाग मात्र याच त्वचेवर अधिक उठतात आणि लवकर जात नाहीत.

क जीवनसत्त्व हे मुळात झाडाचेच संरक्षण आहे. प्रखर प्रकाशात पानातील हरितकणांना पेलवेल त्याहून जास्त ऊर्जा मिळते, तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि क जीवनसत्त्वाच्या साहाय्याने पान ते नष्ट करते. तरीही बागायतदार झाडाला केवळ त्याच्या भरवशावर सोडत नाही. खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ती मुख्यतः डिंक्या रोगासाठी, पण तिच्या फिकट थराने सालीवरचे ऊनही थोडे परतते. उन्हाळ्यात केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात, बुंध्याशी आच्छादन घालतात. पाणीच संपले तर यातले काही पुरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या.

माणसाच्या त्वचेतही हीच व्यवस्था आहे. क जीवनसत्त्व पेशीतील पाण्यात काम करते, ई जीवनसत्त्व तिच्या स्निग्ध आवरणात. ग्लुटाथायोन, तसेच कॅटलेजसारखी विकरे त्यांच्या जोडीला असतात. अतिनील किरणांनी हा साठा खर्च होतो, म्हणून आहारातून तो भरून यावा लागतो. १०० ग्रॅम मोसंबीत साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम ठरवली आहे. म्हणजे दोन मध्यम फळांत ती भागते. त्यापुढे कितीही रस प्यायला तरी रक्तातील पातळी एका मर्यादेवर थांबते आणि जास्तीचे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते.

पोटात घेतलेल्या अँटिऑक्सिडंटची एक कसून परीक्षा ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावी झाली. १,६२१ रहिवाशांपैकी काहींना रोज सनस्क्रीन आणि काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन देण्यात आले. १९९९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सनस्क्रीनने एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी केला. बीटा कॅरोटीनचा उपयोग झाला नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या 'आतले सनस्क्रीन' म्हणून विकल्या जातात, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

चेहऱ्याला रस चोळण्याबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटाने दाखवले की क जीवनसत्त्व त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू ३.५ पेक्षा कमी लागतो आणि तीव्रता १० ते २० टक्के. २००५ मध्ये त्यांनीच १५ टक्के क जीवनसत्त्व, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल यांचे मिश्रण उपयुक्त असल्याचे दाखवले. मोसंबीच्या रसात क जीवनसत्त्व जेमतेम ०.०५ टक्के, म्हणजे किमान दोनशेपटीने कमी. शिवाय लिंबूवर्गीय फळांच्या सालीत फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्ये असतात. मोसंबीत ती थोडी, कागदी लिंबात भरपूर. ती त्वचेवर असताना ऊन लागले की एक-दोन दिवसांत आग होते, फोड येतात आणि मागे राहिलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. कोडावर वापरली जाणारी बावची याच द्रव्यांमुळे काम करते. त्यांची ताकद त्यावरून कळावी. लिंबू पिळल्यावर उन्हात जाण्यापूर्वी हात धुणे एवढी खबरदारी पुरते, पण ती घेतलीच पाहिजे.

खरे संरक्षण बाहेरूनच होते. सनस्क्रीन चांगले, परंतु ते जाड थरात लावावे लागते आणि घामाने निघाले की पुन्हा लावावे लागते. खुरपायला बसलेल्या मजूर बाईला दर दोन तासांनी क्रीम लावायला सांगणारा सल्ला तिचा दिवस न पाहता दिलेला आहे. जालना परिसरातल्या शेतांत साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून, डोक्याला रुमाल बांधून काम करणाऱ्या बायका दिसतात. त्यांचा हा उपाय शास्त्राला धरून आहे. दाट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड अतिनील किरण उत्तम अडवते. पातळ पांढरा सुती कपडा घामाने भिजला की त्यातून हे किरण अधिक आत येतात. टेरिकॉटमधील पॉलिस्टर 'ब' किरण चांगले शोषतो, पण त्यात उकडते. त्यामुळे उन्हाळ्यात दाट विणीचा, सैल, रंगीत सुती शर्ट अधिक सोयीचा.