लिनक्समधील यूएसबी ड्रायव्हर

लिनक्समधील यूएसबी ड्रायव्हर म्हणजे यूएसबी मार्गाने संगणकाला जोडलेले उपकरण आणि लिनक्स ही मुक्त स्रोत संचालन प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली होय. कळफलक, छपाईयंत्र, कॅमेरा, मोडेम अशा प्रत्येक उपकरणाची संदेशांची भाषा वेगळी असते. ती भाषा जाणणारा ड्रायव्हर नसेल, तर सुस्थितीतील उपकरणही निरुपयोगी ठरते. लिनक्समधील बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, भाग असून त्यांचा स्रोत सर्वांना वाचण्यास व बदलण्यास खुला असतो.

इतिहास

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या निर्मितीत इंटेल कंपनीतील अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. भट्ट यांचे पदवी शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. एप्रिल २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत नेला, तर नोव्हेंबर २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीने तो ५ गिगाबिटपर्यंत वाढवला. जानेवारी २००१ मधील २.४ या कर्नेलपासून लिनक्समध्ये यूएसबीचा वापर सर्वसामान्य झाला. यूएसबी ३.० ला आधार देणारी पहिली संचालन प्रणालीही लिनक्सच ठरली. हा आधार २००९ मधील २.६.३१ या कर्नेलमध्ये आला.

कार्यपद्धती

उपकरण जोडताच कर्नेल त्याच्याकडून त्याची माहिती मागवतो. या माहितीत उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि उपकरणाचा वर्ग यांचा समावेश असतो. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपण कोणती उपकरणे हाताळू शकतो याची सारणी असते. कर्नेल या दोहोंचा मेळ घालून योग्य ड्रायव्हर निवडतो. कळफलक, माउस, पेन ड्राइव्ह यांसारख्या उपकरणांना वर्गानुसार ठरलेला सामाईक ड्रायव्हर पुरतो. म्हणून नवा कळफलक जोडताच चालू होतो. माहितीची देवाणघेवाण नियंत्रण, इंटरप्ट, बल्क व आयसोक्रोनस अशा चार प्रकारांनी होते. पेन ड्राइव्हसाठी बल्क, तर ध्वनी व चित्रफितीसाठी सहसा आयसोक्रोनस प्रकार वापरतात.

ड्रायव्हरची निर्मिती

ड्रायव्हर मुख्यत्वे सी भाषेत लिहिले जातात. कर्नेलच्या स्रोतात ‘यूएसबी-स्केलेटन’ नावाचा नमुना ड्रायव्हर दिलेला असून नवशिक्यांना तो पायाभूत ठरतो. ड्रायव्हरमध्ये किमान तीन गोष्टी लागतात: उपकरणांची सारणी, उपकरण सापडल्यावर चालणारे ‘प्रोब’ हे कार्य आणि उपकरण काढल्यावर चालणारे ‘डिस्कनेक्ट’ हे कार्य. प्रत्यक्ष संदेश ‘यूआरबी’ नावाच्या विनंतीपत्रांद्वारे पाठवले जातात.

यांतील ‘डिस्कनेक्ट’ सर्वांत नाजूक असते. वापरकर्ता उपकरण कोणत्याही क्षणी उपटू शकतो. त्या वेळी एखादा प्रोग्राम ते वापरत असण्याचीही शक्यता असते. प्रलंबित विनंत्या रद्द न करता स्मृती मोकळी केली, तर संपूर्ण प्रणाली कोलमडू शकते. ड्रायव्हर कर्नेलच्या अधिकाराने चालत असल्यामुळे त्यातील चूक एका प्रोग्रामपुरती मर्यादित राहत नाही. म्हणूनच साध्या उपकरणांसाठी कर्नेलबाहेरून ‘लिबयूएसबी’ या संचाच्या साहाय्याने काम करणे अधिक सुरक्षित मानतात.

पुष्कळदा नवा ड्रायव्हर लिहिण्याची गरजच नसते. उपकरण जुन्या उपकरणासारखेच असून केवळ त्याचा क्रमांक सारणीत नसतो. अशा वेळी ‘न्यू आयडी’ या सोयीने तो क्रमांक तात्पुरता देऊन चाचणी घेता येते. ती यशस्वी झाल्यास सारणीतील एका ओळीची भर देखभालकर्त्यांकडे पाठवता येते. ती स्वीकारली गेली, की तेच उपकरण असलेल्या पुढील सर्वांची अडचण दूर होते.

दोषनिवारण

दोष शोधताना क्रम पाळणे आवश्यक असते.

१. उपकरण दिसते का? ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देते, तर ‘डीमेसेज’ कर्नेलच्या नोंदी दाखवते. नोंदीत उणे ७१ हा दोष क्रमांक आल्यास संदेशवहनात, तर उणे ११० आल्यास वेळेत उत्तर न मिळाल्याने अडथळा आला असे समजावे. अशा वेळी प्रथम केबल व जोडणी तपासावी. सागरकिनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत जोडणीच्या धातूवर गंज चढू शकतो.

२. वीज पुरते का? यूएसबी २.० च्या द्वारातून उपकरणाला कमाल ५०० मिलीअँपिअर प्रवाह मिळतो. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर तो आणखी कमी असतो.

३. ड्रायव्हर जोडला गेला का? ‘एलएसयूएसबी’ला ‘टी’ हा पर्याय दिल्यास प्रत्येक उपकरणापुढे त्याचा ड्रायव्हर दिसतो.

४. फर्मवेअर आहे का? काही उपकरणांना सुरू होताना एक स्वतंत्र फाइल लागते. ती नसल्यास तशी नोंद होते.

५. परवानगी आहे का? ड्रायव्हर योग्य असूनही सामान्य वापरकर्त्यास उपकरण उघडण्याचा अधिकार नसू शकतो. ‘युडेव्ह’च्या नियमांनी तो देता येतो.

एवढ्यानेही कारण न सापडल्यास ‘यूएसबीमॉन’च्या साहाय्याने प्रत्यक्ष संदेश टिपून तपासतात.

भारतातील एक उदाहरण

२०१० च्या सुमारास भारतात इंटरनेटसाठी यूएसबी मोडेम, म्हणजेच डोंगल, मोठ्या प्रमाणावर वापरात होते. यांतील अनेक डोंगल जोडताच मोडेम म्हणून नव्हे, तर विंडोजचे सॉफ्टवेअर असलेली सीडी म्हणून ओळख देत. परिणामी लिनक्सवर ते बिघडलेले वाटत. वस्तुतः बिघाड कोठेच नसे. ‘यूएसबी मोडस्विच’ हा मुक्त प्रोग्राम ठरावीक संदेश पाठवून उपकरणाचे रूप बदलत असे. त्यानंतर त्याचा उत्पादन क्रमांकही बदले आणि मोडेमचा ड्रायव्हर त्याला ओळखे.

महत्त्व

उत्पादकाने एखाद्या उपकरणाकडे पाठ फिरवली, की बंद स्रोतातील ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चालेनासा होऊ शकतो आणि चांगले यंत्र अडगळीत जाते. ड्रायव्हरचा स्रोत खुला असल्यास तो दुरुस्त करण्याचा मार्ग उरतो. मर्यादित निधीतून घेतलेले छपाईयंत्र किंवा स्कॅनर अनेक वर्षे टिकवावे लागणाऱ्या शाळा व ग्रंथालये यांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.