रामन, सोनिया

रामन, सोनिया : भारतीय वंशाच्या अमेरिकन बास्केटबॉल प्रशिक्षक. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेच्या महिला संघाच्या त्या १२ हंगाम मुख्य प्रशिक्षक होत्या (२००८–२०). पुढे एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधील मेम्फिस ग्रिझलीज संघात सहायक प्रशिक्षक (२०२०–२४), न्यूयॉर्क लिबर्टी या महिला संघात सहायक प्रशिक्षक (२०२५) आणि सिअ‍ॅटल स्टॉर्म या व्यावसायिक महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक (ऑक्टोबर २०२५ पासून) अशी त्यांची वाटचाल झाली. एनबीएत प्रशिक्षकपद मिळवणाऱ्या त्या भारतीय वंशाच्या पहिल्या महिला होत. महिलांच्या डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्येही त्यांच्याआधी भारतीय वंशाची कोणीही व्यक्ती मुख्य प्रशिक्षक झाली नव्हती. त्यांची आई मूळची नागपूरची, तर वडील चेन्नईचे. सोनिया वाढल्या त्या बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावी.

अमेरिकेत नावाजलेले बहुतेक प्रशिक्षक एक तर व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजलेले असतात, नाही तर बड्या विद्यापीठांच्या ‘डिव्हिजन वन’ संघांत तयार झालेले असतात. रामन यांच्या गाठीशी यांतले काहीच नव्हते. त्यांचे खेळणे आणि शिकवणे २०२०पर्यंत महाविद्यालयीन खेळाच्या तिसऱ्या श्रेणीतच, म्हणजे ‘डिव्हिजन थ्री’मध्येच झाले. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, दूरचित्रवाणीचे कॅमेरे फारसे फिरकत नाहीत आणि खेळाडूला शनिवारच्या सामन्याइतकीच सोमवारच्या परीक्षेची काळजी असते.

शिक्षण आणि वकिली

रामन टफ्ट्स विद्यापीठाच्या संघातून खेळल्या आणि १९९६मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवीधर झाल्या. तोवर डब्ल्यूएनबीए सुरूही झाली नव्हती; ती सुरू झाली त्यानंतरच्या वर्षी, १९९७मध्ये. पदवीनंतर दोन वर्षे त्यांनी टफ्ट्समध्येच सहायक प्रशिक्षकाचे काम केले. मग बॉस्टन कॉलेजच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊन २००१मध्ये त्या वकील झाल्या. अमेरिकेच्या श्रम खात्यात आणि नंतर फिडेलिटी या वित्तसंस्थेत त्यांनी नोकरी केली.

खेळ मात्र सुटला नाही. दिवसा कार्यालय आणि संध्याकाळी वेलस्ली या महिला महाविद्यालयाचे कोर्ट, असा दुहेरी संसार त्यांनी सहा वर्षे चालवला. डिव्हिजन थ्रीमधल्या सहायकाच्या मानधनावर घर चालत नाही, म्हणून दुसरी नोकरी धरणारे प्रशिक्षक तिथे अनेक आढळतात. २००८मध्ये एमआयटीने मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले, तेव्हा त्यांनी वकिली बाजूला ठेवली.

एमआयटीतील कारकीर्द

एमआयटीत संघ बांधणे म्हणजे हात बांधून पोहणे. शाळेत चमकलेली एखादी उंच मुलगी प्रशिक्षकाच्या नजरेत भरली, तरी तिला प्रवेशाचा शब्द देता येत नाही. प्रशिक्षक तिच्या बाजूने शिफारस करू शकतो, निर्णय मात्र प्रवेश समितीचा असतो. गणित-विज्ञानात पहिल्या फळीत असलेली, शिवाय झेप आणि नेम दोन्ही असलेली मुलगी शोधायची आणि खेळासाठी एक डॉलरही न देता तिला आपल्याकडे वळवायचे, हे या पदाचे निम्मे काम असते.

उरलेले निम्मे काम सरावाचे. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत पदवीच्या विद्यार्थ्यांचे वर्ग ठेवायचे नाहीत, असा एमआयटीचा नियम आहे. संघाचा सराव, नाटकाची तालीम, वाद्यवृंद, सगळे याच दोन तासांत उरकायचे. पाचपर्यंत प्रयोगशाळेत असलेली मुलगी कोर्टवर येते, सातनंतर पुन्हा गृहपाठाला बसते. एवढ्या वेळात अंग मोकळे करणे, बचावाची रचना, नेमबाजी आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत बसवायची, तर प्रत्येक मिनिटाचा हिशेब आधीच कागदावर असावा लागतो.

फळ लगेच हाती आले नाही. एमआयटीत रामन यांच्या संघांनी एकूण १५२ सामने जिंकले आणि या महिला संघाच्या इतिहासात इतके विजय दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. त्या १५२पैकी ९१ विजय शेवटच्या पाच हंगामांतले आहेत. त्या पाच वर्षांत पराभव झाले ४५. म्हणजे पहिल्या सात हंगामांच्या वाट्याला ६१ विजय येतात, हंगामाला सरासरी नऊही नाहीत. निकालासाठी प्रशिक्षकाला सात वर्षे देणारी संस्था मिळाली, हे या कारकिर्दीत महत्त्वाचे ठरले.

एमआयटीचा संघ ‘न्यूमॅक’ या न्यू इंग्लंडमधील महाविद्यालयांच्या गटात खेळतो. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने गटाचे अजिंक्यपद मिळवले आणि त्या बळावर महाविद्यालयांच्या राष्ट्रीय एनसीएए स्पर्धेत प्रवेश केला. गटातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणूनही रामन यांची दोनदा निवड झाली.

या गटाला इतिहासाचीही जोड आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये ज्या संस्थेत बास्केटबॉल हा खेळ शोधला, ते आजचे स्प्रिंगफील्ड कॉलेज न्यूमॅकमध्येच आहे. लगेच पुढे नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींसाठी नियम बदलून घेतले आणि १८९३मध्ये महिलांचा पहिला महाविद्यालयीन सामना भरवला. ते स्मिथ कॉलेजही याच गटात आहे आणि रामन जिथे सहायक होत्या ते वेलस्लीही.

व्यावसायिक संघांत

सप्टेंबर २०२०मध्ये ग्रिझलीजने रामन यांना मुख्य प्रशिक्षक टेलर जेन्किन्स यांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक नेमले. त्या संघातील नील आयव्ही या महिला सहायक त्याच वर्षी नोत्र दाम विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होऊन गेल्या होत्या. एनबीएत महिला सहायक तोवर नवलाची बाब राहिली नव्हती. सॅन अँटोनियो स्पर्सने २०१४मध्ये बेकी हॅमन यांना पूर्णवेळ सहायक करून पायंडा पाडला होता. पण हॅमन स्वतः डब्ल्यूएनबीएच्या तारका होत्या. तिसऱ्या श्रेणीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींना शिकवणारी प्रशिक्षक थेट एनबीएत, ही उडी मोठी होती.

दोन्हीकडच्या खेळात फरकही बराच. महाविद्यालयीन महिलांचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८ मिनिटांचा. तिकडे चेंडू हाती आल्यावर बास्केटसाठी ३० सेकंद मिळतात, इकडे २४. चेंडूही एका आकाराने मोठा. तिसऱ्या श्रेणीत नियमित हंगामात फार तर २५ सामने, एनबीएत एरवी ८२. दोन सामन्यांमध्ये सराव करायला सवड जेमतेम मिळते आणि प्रशिक्षकाचा बराचसा वेळ चित्रफिती पाहण्यात आणि एकेका खेळाडूबरोबर काम करण्यात जातो. रामन यांच्या काळात, २०२१–२२च्या हंगामात, ग्रिझलीजने ५६ सामने जिंकून पश्चिम विभागात दुसरे स्थान पटकावले. दोन वर्षांनी दुखापतींनी ग्रासलेल्या हंगामानंतर सहायकांच्या ताफ्यात मोठे फेरबदल झाले, त्यात रामनही बाहेर पडल्या.

२०२५मध्ये त्या लिबर्टीत मुख्य प्रशिक्षक सँडी ब्राँडेलो यांच्या सहायक होत्या. हा संघ आदल्या वर्षीच पहिल्यांदा डब्ल्यूएनबीएचा विजेता ठरला होता. हंगाम संपताच स्टॉर्मने नोएल क्विन यांच्या जागी रामन यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतले. स्टॉर्मच्या नावावर २००४, २०१०, २०१८ आणि २०२० अशी चार विजेतेपदे आहेत.

पार्श्वभूमी

शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा अमेरिकेत १९७२मध्ये आला, तेव्हा महाविद्यालयांतील महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांना महिलाच शिकवत. पुढे पैसा आला, पगार वाढले आणि पुरुषांनाही हे पद हवेसे वाटू लागले. २०१४पर्यंत महिलांचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर घसरले. पैसा येण्याआधीचे दिवस बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट यांनी पाहिले होते. १९७४मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा पगार महिना २५० डॉलर होता. संघाची गाडी चालवणे आणि गणवेश धुणे हेही त्यांच्याकडेच. १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून त्या २०१२मध्ये निवृत्त झाल्या.

भारतीय महाविद्यालयांत केवळ एका खेळासाठी पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक सहसा नसतो. महाराष्ट्रात शारीरिक शिक्षण संचालकच कबड्डीपासून बास्केटबॉलपर्यंत सगळे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना नेतात. दिल्ली राजधानी परिसरात, ग्रेटर नोएडात, मात्र एनबीएने २०१७मध्ये निवासी अकादमी उघडली आणि पुढच्या वर्षी तिथे मुलींचे शिबिरही भरले. एनबीएच्या अशा उपक्रमांतून पुढे आलेली पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठाच्या डिव्हिजन वन संघात पोहोचली. महाराष्ट्रातून पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, तर रामन यांच्या आईच्या गावची, नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली आहे.