रेच्याचा रूळ : चामड्यापासून रबरापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या इतिहासात पीक आणि भाव यांची चर्चा होते. परंतु सरकीपासून रुई विलग करणारा रूळ कशाचा होता, हे सहसा पाहिले जात नाही. फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रेच्याचा रूळ चामड्याचा होता. भारतात रूढ झालेल्या दुहेरी रुळाच्या रेच्यातही तीच परंपरा चालली. खरखरीत चामड्यास तंतू चिकटतात, स्थिर पात्याखाली ओढले जातात आणि सरकी मागे राहते.

याच घर्षणाने चामडे झिजते. ते क्रोम पद्धतीने कमावलेले असल्यास क्रोमियमयुक्त धूळ रुईत आणि कामगारांच्या श्वासात मिसळते. म्हणून मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबर आणि सुती कापडाचे थर यांचा रूळ सिद्ध केला.

रबराची निवडही गौण नव्हे. सरकीच्या तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. १९३० च्या दशकात जर्मनीत निर्माण झालेले नायट्राइल हे कृत्रिम रबर अशा तेलास टिकते.

‘रबरी रूळ’ या नावात कापड लोपले आहे. वस्तुतः तंतू धरण्यात कापडाच्या कडांचा मोठा वाटा असतो. यास्तव जिनिंगच्या दप्तरात नुसता ‘रूळ’ आढळल्यास तो कशाचा, हे अभ्यासकाने शोधले पाहिजे. कामगारांच्या आरोग्याचा इतिहास त्या उत्तरावर अवलंबून आहे.