भितिहरव्याची विटांची शाळा : चंपारण, १९१७-१८

नेपाळच्या तराईलगत, बिहारच्या चंपारण भागात भितिहरवा नावाचे लहानसे गाव आहे. १९१७ च्या नोव्हेंबरात तेथे बांबू आणि गवताची एक झोपडी शाळा म्हणून उभी राहिली. एका रात्री ती कोणीतरी पेटवून दिली. तिच्या जागी विटांची इमारत उभारण्यात पुढाकार घेणारा माणूस बेळगावचा होता.

चंपारण म्हटले की निळीची सक्ती आठवते. दर २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठे जमिनीत कुळाने नीळ पेरलीच पाहिजे, ही ‘तीनकठिया’ पद्धत. १५ एप्रिल १९१७ रोजी गांधीजी मोतिहारीला पोहोचले, हजारो रयतांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या आणि १९१८ च्या कायद्याने ती पद्धत रद्द झाली. शाळांची हकीकत मात्र बहुधा एका ओळीत उरकली जाते, आणि नेमक्या तिथेच मराठी माणसे भेटतात.

खेड्यांतील अज्ञान आणि अस्वच्छता पाहून गांधीजींनी ठरवले की, केवळ चौकशीने हे काम भागणार नाही. त्यांनी विनावेतन काम करणारे स्वयंसेवक मागितले. अट साधी होती : गावाने राहण्याची आणि जेवणाची सोय करायची, बाकीचा खर्च बाहेरून यायचा. गावकऱ्यांजवळ रोकड नव्हती. धान्य देणे त्यांना शक्य होते.

बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक यांना पाठवले. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पती बबनराव, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, तर भारत सेवक समाजाचे डॉ. देव असे सारे निघाले. तो प्रवास आजच्यासारखा सुटसुटीत नव्हता. पाटण्याला गंगेवर पूल नव्हता. तेथून उत्तरेकडे जायचे तर नदी आगबोटीने ओलांडावी लागे.

पहिली शाळा बडहरवा लखनसेन येथे निघाली. ती गोखले दांपत्याकडे सोपवली होती आणि देवदास गांधी त्यांच्या मदतीला होते. अवंतिकाबाईंनी ती इतकी नेटकी चालवली की गांधीजींनी पुढे आत्मकथेत तिला आदर्श शाळा म्हटले. त्यानंतर आठवड्याभरातच भितिहरव्याची शाळा सुरू झाली. प्रवेश १२ वर्षांखालील मुलांनाच होता, ठराविक अभ्यासक्रम नव्हता. ज्या स्त्रियांना हिंदी येत नव्हते त्यांनाही गांधीजींनी शिकवायला बसवले. व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा, असे त्यांचे सांगणे. मराठी मंडळींना नागरी लिपी तरी परिचयाची होती. (चंपारणातील कागदपत्रे बहुतांशी कैथी लिपीत असत, आणि ती स्वतः गांधीजींनाही वाचता येत नसे.)

शाळेच्या जोडीला दवाखाना होता. दवाखाना म्हणजे एरंडेल, क्विनाईन आणि गंधकाचे मलम! जीभ पांढरी असली तर एरंडेल, ताप असला तर आधी एरंडेल आणि मग क्विनाईन, खरूज-गळवांना मलम. वैद्यकीय शिक्षण नसलेला माणूसही एवढे करू शके. त्याहून अधिक काही लागले तर डॉ. देव होते.

भितिहरव्याची शाळा सोमण आणि कस्तुरबा यांच्याकडे होती. सोमण कायद्याचे पदवीधर. वकिली करणारा माणूस गवताच्या छपराखाली मुलांना अक्षरे गिरवायला लावतो आहे, हे दृश्य निळीच्या मळेवाल्यांना रुचण्याजोगे नव्हतेच. झोपडी जळाली तेव्हा संशय शेजारच्या मळेवाल्यांच्या माणसांवर गेला.

पुन्हा गवताची झोपडी बांधणे म्हणजे पुन्हा आगीला आमंत्रण. सोमणांनी पक्क्या बांधकामाचा निश्चय केला आणि स्वतः अंगमेहनतीला लागले. त्यांचे पाहून इतर अनेकजण हात लावू लागले. थोड्याच काळात विटांची इमारत तयार झाली. बाहेरून आलेल्याने नुसता पैसा आणून गवंडी लावले असते, तरीही भिंती उभ्या राहिल्या असत्या. पण जिथे मळेवाल्याच्या धाकाने माणसे आपली तक्रार सांगायलाही कचरत, तिथे त्याच माणसांनी उघडपणे या कामाला हात लावणे ही साधी गोष्ट नव्हती.

मात्र या कामाची एक बाजू गांधीजींनीच प्रांजळपणे नोंदवली आहे. काही स्वयंसेवक ठराविक मुदतीपुरतेच आले होते, डॉ. देवांची सेवाही त्यांनी संस्थेकडून सहा महिन्यांसाठीच मागून घेतली होती. बाहेरून नवे कार्यकर्ते मिळेनात, आणि कायमचे, विनावेतन काम करणारे बिहारमध्ये मिळेनात. त्यातच १९१८ च्या सुरुवातीला अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी आणि खेड्याच्या शेतकऱ्यांनी गांधीजींना गुजरातेत ओढून नेले. शाळांचे काम कायमच्या पायावर उभे करण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली.

अवंतिकाबाई मुंबईला परतल्या. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेले गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध झाले. प्रस्तावना लोकमान्य टिळकांची होती.