हसऱ्या वायूच्या बाटलीची ऊब

१९१७ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलातल्या डॉ. बॉईल यांनी भूल देण्याचं एक यंत्र तयार केलं. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी आजही ‘बॉईल्स अपॅरेटस’ हा शब्द असतो, तेच हे. त्या पहिल्या यंत्रात नायट्रस ऑक्साइडच्या नळकांड्याच्या झडपेशी एक छोटा स्पिरिटचा दिवा लावत. वायू भसाभसा बाहेर पडला की झडप गारठायची, वायूत राहिलेल्या ओलाव्याचा बर्फ व्हायचा आणि वाट बंद. मग उपाय काय? दिवा लावा! शेजारीच त्याच यंत्रावर ईथरची बाटली, आणि ईथर म्हणजे काडी दाखवायचा अवकाश. हे वाचल्यावर मी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकलो होतो.

हे सगळं आठवायला निमित्त झालं मिशिगनमधल्या भाच्याच्या एका प्रश्नाचं. त्याच्या मित्राने जुन्या गाडीत नायट्रसची बाटली बसवली आहे. थंडी पडली की गाडी पूर्वीसारखी उसळत नाही. बाटली गरम ठेवणारं तयार यंत्र महाग. तर मामा, स्वस्तात काही जमेल का?

काकू-मावशी मंडळींसाठी आधी खुलासा. दवाखान्यातला हसवणारा वायू तो हाच. १७७२ मध्ये प्रीस्टलीने तो शोधला आणि हम्फ्री डेव्हीने तो स्वतःवरच हुंगून १८०० साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. इंजिनातल्या उष्णतेने तो फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन सुटतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन, यात ३६ टक्के. म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि काही सेकंद गाडी पिसाळते.

आता बाटलीचं. आत द्रव असतो, वर त्याचीच वाफ, आणि ती वाफच द्रवाला बाहेर ढकलते. पंपबिंप काही नाही. त्यामुळे सगळा खेळ तापमानाचा. शून्य अंशाला दर चौरस इंचाला साधारण ४५० पौंड दाब, २० अंशाला ७४० च्या आसपास, ३० ला ९०० च्या पुढे. शर्यतवाल्यांना ९०० ते ९५० हवा असतो. कमी पडला तर पेट्रोल जास्त आणि नायट्रस कमी, गाडी गुदमरते. जास्त झाला तर उलट, आणि पिस्टन वितळायची पाळी. त्यात वापरता वापरता बाटली आपोआप गार होत जाते ते वेगळंच. आपल्याकडे थंडीत गॅस संपत आला की परातीत गरम पाणी घालून सिलिंडर त्यात उभा करणारी घरं तुम्ही पाहिली असतील. शास्त्र तेच (करू नका असं सिलिंडरवाले सांगतात, तरी करतात).

गंमत म्हणजे हा वायू इंजिनात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्यांनी बरोबर उलटं केलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांमध्ये ‘जीएम-१’ नावाची योजना होती. फार उंचीवर हवा विरळ, इंजिनाचा दम तुटतो, तिथे नायट्रस सोडायचा. सुरुवातीला जड, दाबाची नळकांडी होती. पुढे त्यांनी वायू उणे ८८ अंशांच्या आसपास गार करून, जाड वेष्टनाच्या टाकीत कमी दाबाने भरायला सुरुवात केली. टाकी हलकी झाली, गोळी लागली तरी धोका कमी, आणि इंजिनात जाणारी हवाही गार व्हायची. फक्त उड्डाणाच्या जरा आधी भरावी लागे, नाहीतर उकळून उडून जायचा. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये काही मॉस्किटो विमानांना नायट्रस जोडला. सरकारी खजिना मागे असला की माणूस थंडी विकत घेऊ शकतो. शनिवारच्या रात्री मैदानावर गाडी घेऊन आलेल्या पोराला ते कुठलं परवडायला! १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात नायट्रसचे तयार संच विकणारी एनओएस कंपनी निघाली आणि ही बाटली सामान्यांच्या डिकीत आली. तिच्यामागोमाग आले जुगाड. गाडीच्या हीटरचा झोत, कंबर शेकायची विजेची गादी, गरम पाण्याची बादली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रोपेनची ज्योत. ती थेट बाटलीवर!

ज्योत स्वस्त आहे आणि झटपटही, पण तिला थांबायचं कळत नाही. नायट्रसचा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, ३६.४ अंश. त्याच्या वर आत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही, आणि भरलेल्या बाटलीत दाब झपाट्याने चढत जातो. शिवाय अॅल्युमिनियमची बाटली एका जागी तापली की तिथला धातू मऊ पडतो. सुरक्षेची चकती फुटून वायू सुटेल या भरवशावर कोणी राहू नये, कारण ती चकती चांगल्या बाटलीच्या हिशेबाने बसवलेली असते. कोमट पाणी बिचारं याच्या उलट. ३० अंशांचं पाणी बाटलीला ३० च्या वर नेऊच शकत नाही, आणि घटकाभरात स्वतःच निवतं. मी भाच्याला एवढंच लिहिलं, की ऊब कुठूनही आणा, पण जी वस्तू बाटलीपेक्षा फार गरम आहे ती जवळ नको, आणि डोळा दाबाच्या काट्यावर. तयार यंत्राचे पैसे पडतात ते मुळात ऊब देण्याचे नव्हेतच. वेळेवर बंद होणाऱ्या खटक्याचे पडतात.

बॉईल यांच्या दिव्याचं पुढे काय झालं? तर दुसरा चांगला दिवा कोणी शोधला नाही. कारखान्यात वायू कोरडा करून भरायला लागले, बर्फ धरेनासा झाला आणि दिव्याचं कामच संपलं. मोटारवाल्यांना मात्र अशी पळवाट नाही, कारण त्यांची अडचण ओलाव्याची नसून थंडीची आहे. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए, तिच्या नियमपुस्तकात यावर एक ओळ आहे. बाजारात मिळणारं, तापमान स्वतः आवरणारं, पांघरुणासारखं वेष्टन चालेल. बाटलीला बाहेरून इतर कशानेही ऊब देणं मना. म्हणजे त्यांच्या मैदानावर बादलीसुद्धा बाद.