कॉम्प्युटर नावाची माणसं

1831 साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातले राधानाथ शिकदार भारताच्या भूभागाची मोजणी करणाऱ्या ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेत नोकरीला लागले. हुद्दा होता कॉम्प्युटर. यात कुणाला नवल वाटण्याजोगं काही नव्हतं. लॅटिनमधल्या ‘हिशेब करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात 1613 पासून सापडतो, आणि तो माणसासाठीच.

या शब्दाला पेशाचं रूप दिलं दर्यावर्दींच्या गरजेनं. भर समुद्रात जहाजाचा रेखांश चंद्र आणि ताऱ्यांमधल्या अंतरावरून काढता येई. पण त्यासाठी चंद्राची स्थानं आधीच मोजून छापलेली हवीत. म्हणून ग्रिनिचचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी ‘नॉटिकल अल्मनॅक’ हे खलाशांचं पंचांग काढलं. त्याचा पहिला अंक 1767 सालचा. त्याची गणितं कॉम्प्युटर आपापल्या घरी बसून करत. लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स त्यांपैकीच एक. तेच गणित दोघांनी स्वतंत्रपणे सोडवायचं आणि तिसऱ्यानं ताडून पाहायचं, अशी शिस्त होती. दोघांनी एकमेकांची उत्तरं उतरवून घेतल्याचं उघडकीला आलं, तेव्हा मॅस्केलिन यांनी त्यांना कामावरून काढलं. चुकलेल्या आकड्याची किंमत जहाजावरच्या माणसांना मोजावी लागली असती.

शिकदार पुढे कलकत्त्यात मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातल्या ‘शिखर पंधरा’च्या उंचीच्या गणितात त्यांचा वाटा मोठा मानला जातो. दुरून घेतलेल्या कोनांच्या नोंदी, हवेतून येताना वाकणारा प्रकाश, पृथ्वीची गोलाई, हे सगळं हिशेबात धरून उंची निघाली 29,002 फूट. 1856 मध्ये ती जाहीर झाली. आजच्या मोजणीशी फरक जेमतेम तीस फुटांचा आहे. शिखराला मात्र नाव मिळालं सर्व्हेचे माजी प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट या साहेबाचं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत फिलाडेल्फियाला तोफगोळ्यांच्या मार्गाचे तक्ते तयार करायला कॉम्प्युटर म्हणून तरुणींची भरती झाली. एका मार्गाचं गणित करायला वीसेक तास लागत. तेच काम ‘एनियाक’ यंत्र अर्ध्या मिनिटात करू लागलं आणि हुद्द्याचं नाव हळूहळू यंत्राकडे गेलं. पण त्या यंत्राला गणित मांडून देणाऱ्या केथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन या सहाही जणी त्याच कॉम्प्युटरांमधून निवडलेल्या होत्या. 1946 च्या फेब्रुवारीत एनियाक जगासमोर आलं, त्या रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांना नव्हतं. तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या सन्मानयादीत त्यांची नावं लागली ती 1997 मध्ये.