हौशी माणसांचा इतिहास

‘हौस’ हा शब्द आपण मराठी माणसे दिवसातून दहादा वापरतो. हौसेला मोल नाही म्हणतो, नव्या नवरीची हौस पुरवतो, हौशी रंगभूमीवरची नाटके बघतो. हा शब्द आपल्याकडे आला तो अरबी-फारसीतून. तिकडचा मूळ शब्द ‘हवस’. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि मी लिहितो मराठीत, त्यामुळे ही दोन्ही भावंडे माझ्या घरात एकत्र नांदतात. पण त्यांचे स्वभाव पाहा. उर्दूत ‘हवस’ म्हणजे लोभ, वासना, कधी न भरणारे पोट. एखाद्याला हवसखोर म्हटले, तर तो अंगावर धावून येईल. तोच शब्द गोदावरीच्या काठी आला आणि निर्मळ झाला. मराठीत हौशी माणूस म्हणजे ज्याला मोबदला नको, नुसता आनंद हवा.

दोन्हींत फरक कशाचा, याचा मी बरीच वर्षे विचार करतो आहे. मला वाटते, फरक वाटण्याचा आहे. हवस मुठीत धरते, हौस मूठ उघडते. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात, असे आपण म्हणतो. इतिहासाच्या पुस्तकांत नवशांची आणि गवशांची नावे भरपूर सापडतात. राजे, सावकार, कंपन्या, संस्था. हौशे मात्र गर्दीत हरवतात. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे. कॅमेरा, शहर आणि संगणक या तीन ठिकाणच्या हौशांविषयी.

सुरुवात मुंबईपासून करू. पॅरिसमध्ये १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली. पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. बहुतेक सभासद साहेब लोक होते, पण डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही आपली माणसेही त्यात होती. दोघे पेशाने डॉक्टर, कॅमेरा हा छंद. तो छंद सोपा नव्हता. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर चित्र घ्यायचे, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत शिरून ते धुवायचे. डोंगरावरच्या लेण्याचे चित्र हवे असेल, तर तंबू, बाटल्या, काचा, पाणी असा सगळा संसार डोंगरावर न्यायचा.

या मंडळींच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ पासून एक मासिक काढले. नावातच ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी हा शब्द होता. त्याचे चोवीस अंक निघाले आणि प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे असत. तेव्हा छायाचित्र छापण्याची सोय नव्हती. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर एकेक प्रत उन्हात उमटवायची आणि हाताने पानावर चिकटवायची. आज मोबाइलवर बोट टेकवले की चित्र शंभर घरी पोहोचते. त्याची ही पणजी.

पण या कथेला एक काळी कडा आहे. याच जॉन्सनने पुढे मुंबईत राहणाऱ्या जाती-जमातींवर दोन खंडांचा ग्रंथ काढला, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात माणसांची चित्रे आहेत, कपडे आणि पगड्या स्पष्ट दिसतात. काही चित्रांत माणसे एकीकडची आणि पाठीमागचे दृश्य दुसरीकडचे, असे जोडकामही आहे. खाली लिहिले आहे ते त्यांच्या जातीचे किंवा जमातीचे नाव. त्या माणसाला आईबापांनी ठेवलेले नाव काय होते, हे विचारण्याची गरज छापणाऱ्याला वाटली नाही. चेहरा जतन झाला आणि माणूस हरवला. चित्र काढणे आणि माणसाला वाटा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या ग्रंथाने शिकवले.

जॉन्सनच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला त्याच १८६३ साली मुंबईत एका मराठी शिक्षकाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’. माडगांवकरांच्या हाती कॅमेरा नव्हता. त्यांच्याकडे दोन पाय होते, दोन डोळे होते आणि विचारपूस करण्याची हौस होती. रस्ते, बाजार, देवळे, मशिदी, चर्चे, धंदे, जत्रा, लोकांच्या चालीरीती, सगळे त्यांनी टिपून ठेवले. वेळही नेमकी साधली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता आणि त्याच सुमारास कोटाच्या जुन्या भिंती पाडल्या जात होत्या. शहर कात टाकत असताना एक माणूस टाकली जाणारी कात गोळा करत होता. परक्या शहरात कसे हिंडावे, याचा तो मराठीतला पहिला मोठा धडा आहे.

आता आपल्या नाशिककडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला शिकले, छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला. चाळिशी ओलांडताना गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्या वेडाने त्यांना धरले. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी लगेच देवादिकांचा चित्रपट काढला नाही. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत गेले. पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला, वेल झाली, तीही मिनिटाभरात. भांडवल उभे करायला या छोट्या खेळाचा उपयोग झाला, पण त्यामागची बुद्धी निव्वळ हौशी माणसाची होती. रात्री फिल्मला भोके पाडणाऱ्या, रसायने कालवणाऱ्या सरस्वतीबाई या उद्योगात बरोबरीच्या भागीदार होत्या, हेही विसरू नये.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे तयार झाले. हे सर्वांना माहीत असते. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखवणारा एक छोटा चित्रपटच काढला आणि त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून आपल्या धंद्याची कहाणी लोकांपुढे मांडली. तेव्हाचे कारागीर आपली कृती मुलाशिवाय कोणाला सांगत नसत. फाळके मात्र आपली विद्या उघडी करत होते.

आणि तरीही त्यांचे बहुतेक चित्रपट आज नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पेटायला अधीर आणि नुसत्या हवेने कुजणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. फाळके नाशिकमध्ये वारले १९४४ साली. मधल्या वर्षांत जे गेले ते गेले. चार रिळांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे हाती आहेत. ज्याच्या प्रती झाल्या आणि चार हातांत गेल्या ते तगले, एका पेटीत बंद राहिले त्याची राख झाली. इतिहास इतका निष्ठुर आणि इतका साधा आहे.

इथून संगणकाकडे वळायचे कारण हेच. १९९१ सालच्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की, आपण संगणकासाठी एक नवी कार्यप्रणाली लिहितो आहोत, ती केवळ हौस म्हणून, फार मोठे काही होणार नाही. तीच पुढे लिनक्स झाली आणि आज जगातल्या असंख्य यंत्रांच्या पोटात चालते. त्याने फाळक्यांसारखीच कृती खुली ठेवली, म्हणून हजारो लोकांनी त्यात भर घातली. विकिपीडियाचेही तसेच. २००२ साली त्यासाठी नवा प्रोग्राम लिहून दिला तो जर्मनीतल्या माग्नुस मान्स्के या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने.

आपल्या मराठीला या हौशांनी काय दिले, ते मी माझ्यावरून सांगतो. नव्वदच्या दशकाअखेरीस माझ्या कवितांचा संग्रह एका डीटीपी सेंटरमध्ये टाइप झाला. काही वर्षांनी दुसऱ्या संगणकावर ती फाइल उघडली, तर कवितेच्या जागी नुसती कंस, टिंबे आणि परकी अक्षरे. त्या काळी प्रत्येक फॉन्टची आपली वेगळी सांकेतिक भाषा असे. तो फॉन्ट नसेल तर मजकूर मुका. हस्तलिखित वाळवीने खाल्लेले होते. शंभरेक कविता डोळ्यांसमोर असून वाचता येत नव्हत्या. निरक्षर माणसाचे दुःख काय असते, ते तेव्हा कळले.

जगातल्या सर्व लिप्यांना एकच सांकेतिक क्रम देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून होती, देवनागरी तिच्यात होती. पण नियम असणे वेगळे आणि सामान्य माणसाच्या बोटांखाली ते येणे वेगळे. मधली दरी भरून काढण्यात पुण्या-मुंबईत आणि परदेशांत नोकऱ्या करणाऱ्या हौशी मुलांचा वाटा मोठा. रोमन अक्षरे दाबली की देवनागरी उमटवणारी ‘गमभन’सारखी साधने तयार झाली आणि फुकट वाटली गेली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे छोटे प्रोग्रामही असेच कोणी कोणी सुट्टीच्या दिवशी लिहिले. त्यातल्या एकाने माझ्या कविता मला परत दिल्या. लिहिणाऱ्याचे नाव मला आजही ठाऊक नाही. त्याने माझी कविता वाचली असेल असेही नाही.

मराठीचे काही हट्ट पुरवायलाही वेळ लागला. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोवर आपण ‘ऍ’वर भागवत होतो. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला ‘र’ वेगळा, हे यंत्राला शिकवावे लागले. कोणाला वाटेल, एका अक्षरासाठी एवढी धडपड कशाला? कवीला विचारा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्राचे आणि डोंगराचे अंतर आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. २००४ मध्ये त्याच कुटुंबात छायाचित्रांचे भांडार उघडले, विकिमीडिया कॉमन्स. नियम साधा. चित्र कोणीही पाहावे, कोणीही वापरावे, काढणाऱ्याने नाव द्या म्हटले असेल तर ते द्यावे. त्याच वर्षी लंडनमध्ये लोकांनी लोकांसाठी आखायच्या खुल्या नकाशाचे काम सुरू झाले. म्हणजे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीचा कॅमेरा, माडगांवकरांचे पाय आणि फाळक्यांची उघडी विद्या एका ठिकाणी आली. आणि आता चित्राखाली माणसाचे, गल्लीचे खरे नाव लिहायला कोणाची आडकाठी नाही.

याचा उपयोग काय, तो मुंबईत पाहा. तरुणपणी मी पंचवटी एक्स्प्रेसने पहाटे निघून मुंबईला जायचो, कविसंमेलनाच्या निमित्ताने, आणि उरलेला वेळ भेंडीबाजारात पायी हिंडायचो. लाकडी जिन्यांच्या चाळी, अत्तराची दुकाने, जुन्या पुस्तकांचे ढीग. २००९ पासून त्या भागाच्या पुनर्विकासाची योजना आखली गेली आणि पुढच्या दशकात जुन्या इमारती उतरवल्या गेल्या. नव्या इमारती हव्यातच. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला जुनेपणाचे कौतुक कोणी सांगू नये. पण त्या चाळी कशा होत्या, हे उद्याच्या पोरांना दाखवायचे असेल, तर कुठल्या तरी हौशी भटक्याने रविवारी काढलेले छायाचित्रच कामी येणार.

आमच्या जुन्या नाशकातही तेच घडते आहे. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. सप्टेंबर २००८ च्या महापुराची छायाचित्रे घरोघरी आहेत, दुतोंड्या मारुती किती बुडाला ते प्रत्येकाने टिपले. घाटांची, मंदिरांची, कुंभमेळ्याची चित्रे तर अगणित. पण पिंजार घाटाची चढण, चौक मंडईतला एखादा मोडका वाडा, तांबट लेनमध्ये हातोडीने ठोके घालणारा म्हातारा? वाडे एकेक करून पडत आहेत. पूर आल्यावर फोटो काढायला सगळे धावतात. वाडा पडतो तेव्हा आवाजही होत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या मोबाइलमध्ये जी हजारो चित्रे पडून आहेत, त्यांतली दहा निवडा. आपली गल्ली, आपला पार, आपली मशीद, आपले देऊळ, आपला न्हावी. माणूस असेल तर त्याला आधी विचारा. मग खाली गल्लीचे नाव लिहा, वर्ष लिहा, त्याची ना नसेल तर त्याचे नावही लिहा, आणि ती चित्रे खुल्या भांडारात ठेवा. घरात संगणक शिकणारे पोर असेल तर त्यालाही एखादे असे काम द्या, जे लिहून झाल्यावर दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. पैसे मिळणार नाहीत. कदाचित नावही कोणाच्या लक्षात राहणार नाही. पण कुठे तरी एखाद्याची हरवलेली कविता किंवा पडलेले घर त्यातून परत मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)